वर्गणी आणि दशांश

आपल्या धर्मग्रामांतील सुस्थित घरांचा मासिक खर्च कोणी मांडावयास बसला, तर दहा-बारा वर्षांपूर्वी नसलेली एक बाब त्याला हटकून आढळेल. विजेचे बिल, शाळेची फी आणि वाणसामान यांच्या पंगतीला आता ओटीटी सेवांची वर्गणी येऊन बसली आहे. हॉटस्टार 2015 मध्ये सुरू झाली, नेटफ्लिक्स जानेवारी 2016 मध्ये भारतात आली, आणि इतक्या अल्पावधीत हा खर्च चैनीच्या रकान्यातून निघून गरजेच्या रकान्यात केव्हा गेला, हे आपल्याला कळलेही नाही. डिसेंबर 2021 मध्ये ठरलेले दर हिशेबाला घेऊ. नेटफ्लिक्सची 199 रुपयांची मासिक योजना वर्षाला 2,388 रुपयांना पडते. ॲमेझॉन प्राइमचे वार्षिक 1,499 रुपये त्यात मिळविले की बेरीज 3,887 रुपये होते. ही रक्कम भरताना घरात कोणी कुरकुर करीत नाही. बँकेतून ती परस्पर वळती होते आणि आपण निश्चिंत असतो.

माझा आक्षेप या खर्चावर नाही. करमणूक हे पाप नव्हे, आणि चांगला चित्रपट पाहण्यासाठी पैसे मोजणे हा प्रामाणिक व्यवहार आहे. आक्षेप आहे तो आपल्या वृत्तीवर. जे खाजगी मालकीचे आहे त्याला आपण आनंदाने पोसतो. आणि जे तुमच्याआमच्या सर्वांच्या मालकीचे आहे, ती आकाशवाणी आणि ते दूरदर्शन मरणपंथाला लागले तरी त्याचे आपल्याला सुतक नाही. उलट, "आता ते ऐकतो कोण?" असे विचारण्यात आपल्याला एक प्रकारचा मोठेपणा वाटू लागला आहे.

या प्रश्नाला उत्तर आहे, आणि ते ऐकण्याचे धैर्य आपण दाखविले पाहिजे. ऐकतो तो, ज्याला विकत घेणे परवडत नाही. ऐकते ती वृद्धा, जिच्या हाताला मोबाइलचा पडदा वळत नाही. ऐकतो तो नाखवा, ज्याची होडी किनाऱ्यापासून दूर आहे आणि ज्याला वादळाचा इशारा वेळेवर मिळणे हा जीवनमरणाचा प्रश्न आहे. 2020 मध्ये महामारीने शाळांना टाळे लावले, तेव्हा ज्यांच्या घरी स्मार्टफोन होते त्यांच्या मुलांचे वर्ग कसेबसे चालू राहिले. ज्यांच्या घरी नव्हते, त्यांच्यासाठी त्या वर्षी 20 जुलैपासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी 'टिलीमिली' ही मालिका सुरू झाली. त्यासाठी ना वर्गणी लागली, ना इंटरनेट. त्या दिवसांत एखाद्या वर्गणीदार वाहिनीने आपले दार त्या मुलांसाठी उघडावे, अशी अपेक्षा कोणी केली नाही. कारण ती करावयाची नसते, हे आपण जाणतो. दुकान हे दुकान असते.

दुकानाचा न्याय कसा चालतो, तेही पाहू. 2023 मध्ये जिओसिनेमाने आयपीएलचे सामने मोबाइलवर फुकट दाखविले, आणि औदार्याचे गोडवे सर्वत्र गाइले गेले. फेब्रुवारी 2025 मध्ये जिओसिनेमा आणि हॉटस्टार एकत्र होऊन जिओहॉटस्टार झाली, आणि त्या हंगामापासून पुरता सामना पाहावयाचा तर वर्गणीची अट आली. ॲमेझॉनने जून 2025 पासून वर्गणी भरणाऱ्या भारतीय प्रेक्षकांनाही जाहिराती दाखविण्यास आरंभ केला, आणि त्या नको असल्यास वेगळी रक्कम मागितली. यात बेकायदेशीर काहीच नाही. परंतु जेथे आपण केवळ गिऱ्हाईक असतो, तेथे आपला अधिकार दोनच गोष्टींपुरता उरतो: घेणे किंवा न घेणे. काय दाखवावे, कोणाच्या भाषेत दाखवावे, कोणाला वगळू नये, हे विचारण्याचा हक्क गिऱ्हाइकाला नसतो. तो नागरिकाला असतो.

हा हक्क आपल्या देशाच्या कायद्यात लिहिलेला आहे. 1990 च्या प्रसार भारती कायद्याने लोकसेवा प्रसारणाची जी कर्तव्ये सांगितली, त्यांत शेती, ग्रामविकास, आरोग्य व शिक्षण यांकडे विशेष लक्ष देणे आहे. अल्पसंख्य आणि आदिवासी समाजांच्या खास गरजा ध्यानात घेणे आहे. बालके, अंध, वृद्ध आणि अपंग यांच्या हिताची काळजी वाहणे आहे. आपण अल्पसंख्य समाज आहोत. आपल्या वसईतल्या सामवेदी आणि वाडवळी बोली, गोव्याची कोकणी, डोंगराकडची वारली बोली यांना कोणत्या बाजारात कितीसा भाव आहे? बाजार बहुसंख्येच्या आवडीमागे धावतो, आणि त्याने धावावेच. लहानांचा आवाज जपणे हे त्याचे कामच नव्हे. 'गीतरामायण' पुणे आकाशवाणीवर 1955 मध्ये सुरू झाले आणि आठवड्याला एक असे वर्षभर चालले. गदिमा आणि सुधीर फडके यांच्याकडून ते करवून घेताना त्या केंद्राने वर्गणीदारांची मोजदाद केली नव्हती. 'आमची माती, आमची माणसं' पाहून ज्या शेतकऱ्याने बियाणे बदलले, त्याच्याकडून कोणी शुल्क घेतले नव्हते.

आपल्या ख्रिस्तसभेने या विषयावर मौन पाळलेले नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी समाजसंपर्काच्या साधनांविषयी आदेशपत्र काढले आणि माहिती मिळणे हा मानवी समाजाचा हक्क आहे, असे त्यात नमूद केले. हक्क म्हटल्यावर तो खिशाच्या वजनावर ठरत नाही. त्याहूनही बोलकी गोष्ट आहे ती संत क्लाराची. पोप बारावे पायस यांनी असिसीच्या या संतिणीला दूरचित्रवाणीची आश्रयदाती ठरविले. आजारपणामुळे नाताळच्या रात्री मंदिरात जाऊ न शकलेल्या क्लाराला आपल्या खोलीतूनच ती उपासना दिसली आणि ऐकू आली, अशी कथा आहे. ती अंथरुणाला खिळलेली होती, आणि दारिद्र्याचे व्रत हेच तिचे वैभव होते. दूरचित्रवाणीची आश्रयदाती म्हणून ख्रिस्तसभेने निवडली ती अशी स्त्री, जिच्याकडे देण्याजोगा एक पैसाही नव्हता! या निवडीचा अर्थ आपण मनावर घेणार आहोत की नाही?

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. सुज्ञ वाचक म्हणेल, "हे सर्व ठीक, परंतु आकाशवाणी आणि दूरदर्शन ही लोकांची वाणी कोठे आहे? ती तर सत्तेची तुतारी आहे. आज एका पक्षाची, काल दुसऱ्याची." हा आक्षेप खोटा नाही, आणि तो झाकण्याचा माझा हेतूही नाही. आणीबाणीत या माध्यमांचे जे झाले ते पाहूनच बी. जी. वर्गीस यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1978 मध्ये 'आकाश भारती' नावाच्या स्वायत्त न्यासाची शिफारस केली होती. ती तशी अमलात आली नाही. 1990 मध्ये कायदा झाला, पण तो लागू व्हावयास 1997 साल उजाडले. मधल्या काळात, फेब्रुवारी 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला की ध्वनिलहरी ही सार्वजनिक संपत्ती आहे आणि तिचे नियमन सरकारपासून स्वतंत्र अशा लोकप्राधिकरणाने करावे. त्या पीठावर न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, ही मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. तरीही कायद्याने सरकारला निर्देश देण्याचे अधिकार ठेवले, आणि पैशाची दोरीही सरकारच्याच हाती राहिली.

येथेच खरी मेख आहे. तुतारी तो म्हणेल तशी वाजते, जो वाजंत्र्याला पोसतो. एके काळी आपण पोसत होतो. रेडिओसाठी वर्षाला 15 रुपये आणि दूरचित्रवाणी संचासाठी 50 रुपये परवानाशुल्क होते. पोस्टात जाऊन ते भरावे लागे. 1980 च्या दशकात ते टप्प्याटप्प्याने रद्द झाले, आणि आपण सुटकेचा निःश्वास टाकला. पण त्या सुटकेबरोबर, ही वाणी आमच्या पैशावर चालते असे म्हणण्याचा उघड आधारही गेला. प्रसारणाचे भवितव्य अंदाजपत्रकातल्या अनुदानावर आले, आणि अनुदान देणारा हात मिटताही येतो. अमेरिकेत 1967 च्या कायद्याने सार्वजनिक प्रसारणासाठी एक महामंडळ उभे राहिले होते. जुलै 2025 मध्ये तेथील काँग्रेसने त्याचे सुमारे 110 कोटी डॉलर परत घेतले, आणि पुढच्याच महिन्यात त्या महामंडळाने काम आवरते घेत असल्याचे जाहीर केले. उलट स्वित्झर्लंडमध्ये, घरटी आकारले जाणारे प्रसारणशुल्क रद्द करावे की नाही, यावर 4 मार्च 2018 रोजी जनमत घेतले गेले, आणि 71.6 टक्के मतदारांनी ते शुल्क राहू द्यावे असा कौल दिला. त्या देशात चार भाषा आहेत, आणि त्यांतली रोमान्श तर मूठभरांची आहे. स्वतःच्या खिशाला चाट लावून घेण्यास तयार झालेला तो समाज भाबडा नव्हता. शुल्क गेले तर आधी कोणाचा आवाज बंद होईल, हे त्याला ठाऊक होते.

मग आपण काय मागावे? जुना परवाना परत आणा, असे मी म्हणत नाही. पोस्टापुढच्या रांगा आणि दारोदार फिरणारे तपासनीस कोणालाच नको आहेत. माझी मागणी याहून साधी आहे. ओटीटीच्या वर्गणीवर आज 18 टक्के वस्तू व सेवा कर आहे, आणि तो वर्गणीतच धरलेला असतो. वर मांडलेल्या 3,887 रुपयांत या कराचा वाटा सुमारे 593 रुपये होतो. म्हणजे खाजगी करमणुकीच्या निमित्ताने हे घर सरकारला दरसाल 593 रुपये देतच आहे. त्याचा दशांश, म्हणजे 59 रुपये, कायद्याने लोकसेवा प्रसारणासाठी राखून ठेवावा. हा निधी मंत्रालयाच्या मर्जीवर न सोडता संसदेला उत्तरदायी असलेल्या स्वतंत्र न्यासाकडे द्यावा, आणि त्याच्या हिशेबात प्रादेशिक केंद्रांचा व लहान बोलींचा वाटा ठरवून द्यावा. नागरिकावर यात एका पैशाचाही नवा भार नाही. जुन्या 50 रुपयांच्या शुल्कापेक्षा ही रक्कम आकड्याने नऊच रुपये अधिक आहे, आणि गेल्या चार दशकांतील महागाई पाहता तिचे मोल त्याहून पुष्कळच कमी आहे. एवढ्याने सर्व खर्च भागणार नाही, हे उघड आहे. परंतु ज्या पैशाला सरकार हात लावू शकत नाही, असा थोडासाच पैसाही वाजंत्र्याची मान ताठ ठेवावयास उपयोगी पडतो.

दशांश हा शब्द मी उगाच योजलेला नाही. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात, दर तिसऱ्या वर्षीचा दशांश लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांच्यासाठी नगरातच साठवून ठेवावा, अशी आज्ञा आहे. ज्यांना जमिनीत वाटा नाही त्यांनाही पोटभर मिळावे, हा तिचा हेतू. आजच्या काळात शब्द, ज्ञान आणि वार्ता हेही अन्न आहे, आणि त्यात वाटा नसलेले पुष्कळ आहेत. आपली मंदिरे, शाळा आणि स्मशानभूमी ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे दिलेल्या वर्गणीवर उभ्या राहिल्या. पण मिस्साच्या वेळी दारावर तिकीट कापणारा कोणी उभा केला गेला नाही. देणाऱ्याने दिले, आणि न देऊ शकणाऱ्याच्या शेजारी तो गुडघे टेकून बसला. ही रीत आपल्याला नवी नाही. ती मंदिराच्या उंबरठ्याबाहेर नेण्याची मात्र आपल्याला सवय नाही.

कोणी म्हणेल, आपल्यासारख्या मूठभरांच्या आवाजाने काय होणार? जून 2023 मध्ये पुणे आकाशवाणीचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करण्याचा निर्णय झाला होता. श्रोत्यांनी आणि लोकप्रतिनिधींनी त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि थोड्याच दिवसांत त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. मागणाऱ्याला मिळते, ठोठावणाऱ्यासाठी उघडले जाते. मात्र ठोठवावे लागते. आपल्या धर्मग्रामांतील युवक संघटना आणि महिला मंडळे यांनी आपापल्या खासदाराला या दशांशाविषयी सह्यांचे एक निवेदन द्यावे. आकाशवाणीच्या केंद्राला पत्र लिहून काय आवडले आणि कोठे वृत्तात पक्षपात झाला, हे तारीखवार कळवावे. कारण मूकपणे सोसलेल्या पक्षपाताला आपलीही संमती असते. आणि आठवड्यातून एखादी संध्याकाळ तरी घरातल्या मुलांनी आजीसोबत बसून मराठी बातम्या ऐकाव्यात. ज्या विहिरीचे पाणी कोणी भरत नाही, ती बुजविण्यास कोणाची हरकत येत नाही.

ओटीटीची वर्गणी बंद करा, असे मी कोणालाही सांगणार नाही. खुशाल भरा. मात्र तिच्यातून सरकारजमा होणाऱ्या कराचा दशांश कोठे जावा, हे सांगण्याचा अधिकार आपला आहे. आणि तो आपण बजावला नाही, तर उद्या नाखव्याच्या होडीत आणि आजारी आजीच्या उशाशी जी शांतता पसरेल, तिचा जाब आपल्यालाही द्यावा लागेल.