डिस्क १०० टक्के!

पॉवर बटण दाबायचं, उठायचं, आलं किसायचं, चहा टाकायचा, गाळायचा आणि कप घेऊन परत यायचं. तरी स्क्रीनवर ते पांढऱ्या ठिपक्यांचं रिंगण आपलं फिरतंच आहे! आणि हा काही साधासुधा लॅपटॉप नाही हं. मास कॉमच्या शेवटच्या वर्षी, २०१८ मध्ये, बाबांना ‘एडिटिंगसाठी लागतो’ असं पटवून घेतलेला चक्क गेमिंग लॅपटॉप. (एडिटिंग केलं. थोडंसं.) जीटीएक्स १०५० टीआय ग्राफिक्स, लाल दिव्यांचा कीबोर्ड, सगळा थाट. आणि पोटात? ५४०० आरपीएमची एक टीबी हार्ड डिस्क. म्हणजे बुलेटला सायकलचं चाक.

टास्क मॅनेजर उघडला की दिसायचं, प्रोसेसर १० टक्के, डिस्क १०० टक्के. मिनिटाला ५४०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवा तो डेटा समोर येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा थांबा, शिवाय वाचणारा हात आधी योग्य जागी सरकायला हवा. किराणा दुकानात एकच पोऱ्या असावा आणि जिरं मागा की मोहरी, त्याने दरवेळी शिडी लावून माळ्यावर चढावं, तसं. तांदळाची एक गोणी मागितली तर ठीक, पण विंडोज सुरू होताना हजारो पुड्या मागतं. एसएसडीत फिरणारं काही नसतंच. नुसत्या चिप्स. शिडीचा प्रश्नच मिटला.

तरी मी ढकलत होते. गेल्या महिन्यात डिस्कमधून टक-टक आवाज यायला लागला, तेव्हा मात्र लॅमिंग्टन रोड गाठला.

‘भाऊ गेम खेळतो का?’ दुकानदार म्हणाला.

‘नाही, बहीण खेळते.’

त्याने च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू एसएसडी काढून दिली. २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब, म्हणून तिला २२८० म्हणतात. घरी येऊन मागचं झाकण उघडलं, आधी बॅटरीची वायर काढली (हे विसरू नका), पट्टी खाचेत बसली, इवलासा स्क्रू दोनदा हरवून दोनदा सापडला. सुरू करते तर बायॉसमध्ये पट्टीचा पत्ताच नाही!

चूक निम्मी माझी. एम डॉट टू हा नुसता आकार आहे. आतून पट्टी साटा असू शकते किंवा एनव्हीएमई. साटा सेकंदाला साधारण ५५० एमबीला अडते, माझ्या काळातल्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जाते. काही लॅपटॉप दोन्ही चालवून घेतात. माझा फक्त एनव्हीएमई घेतो, आणि मला मिळाली होती साटा. मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल आधी वाचलं असतं तर लोकलची एक फेरी वाचली असती. दुकानदाराने कुरकुरत का होईना, बदलून दिली.

आता कबुलीजबाब. नव्या पट्टीवर विंडोज टाकल्यावर कुठल्याही शहाण्या मुलीने आधी जुन्या डिस्कवरचा डेटा काढून घेतला असता. मी आधी ‘विचर ३’ टाकला.

फ्रेम्स किती वाढल्या? शून्य. ते काम ग्राफिक्स कार्डाचं, एसएसडीवाले काहीही सांगोत. पण मेल्यावर पुन्हा जिवंत व्हायला मिनिटाच्या वर लागायचं, ते आता वीसेक सेकंदांत होतं, आणि या गेममध्ये मी फार मरते. अर्थात लोडिंगला उशीर म्हणजे दोष डिस्कचाच असंही नाही. ‘जीटीए ऑनलाइन’ वर्षानुवर्षं रखडत उघडायचा. २०२१ मध्ये एका प्रोग्रॅमरने शोधून काढलं, की गेम १० एमबीची एक यादी अतिशय वेंधळेपणाने वाचतोय. कंपनीने ते मान्य केलं, सुधारलं आणि त्याला १०,००० डॉलर दिले.

रात्री अकराला जुन्या डिस्ककडे वळले. माझ्या सगळ्या मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज तिच्यावर. बॅकअप? घेणारच होते हो. २०१९ मध्ये लालबागच्या एका चाळीत मी एका आजोबांशी बोलले होते. १९८२ च्या संपात त्यांची गिरणी सुटली ती सुटलीच. लेखात त्यांची चार वाक्यं आली, बाकीची ४३ मिनिटं फाइलमध्ये राहिली. आजोबा आता नाहीत. मागच्या दिवाळीत त्यांच्या नातीने रेकॉर्डिंग मागितलं, तेव्हा मी ‘पाठवते गं’ म्हणाले होते.

कॉपी नेमकी त्याच फाइलवर अडली. टक. टक. टक. मग एरर. लॅपटॉप बंद करून पंख्याखाली गार केला. दुसऱ्यांदा अर्ध्यावर अडली. तिसऱ्यांदा फक्त तेवढी एकच फाइल घेतली आणि ती हिरवी पट्टी बघत बसले. पोचली. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक क्लाउडवर टाकली, कारण हार्ड डिस्क निदान टकटक करून सांगते तरी. एसएसडी अनेकदा काही न सांगताच जाते.

मग रात्री दीडला ती नातीला पाठवली. सकाळी तिचा मेसेज होता, ‘तायडे, ते मध्येमध्ये खोकतात ना, ते एडिट नको करूस.’