चारशे रुपयांचा जामीन

बँकेत उभा जन्म काढलेल्या माणसाला एक खोड जडते. कोणतीही गोष्ट समोर आली की तो आधी तिची किंमत विचारतो आणि मग तिच्यावर बोजा किती आहे ते पाहतो. गेल्या वर्षी आमच्या घरातल्या सशाच्या मूत्रपिंडात खडा सापडला तेव्हा मीही मनातल्या मनात खतावणी उघडली. ससा चारशे रुपयांचा. क्ष-किरण चित्र, रक्ताची तपासणी, सलाइन आणि औषधे यांचा पहिल्याच दिवसाचा खर्च त्याच्या कितीतरी पट. चहाला आलेल्या एका नातेवाइकाने उरलेला हिशेब पुरा केला. "एवढ्या पैशात सात-आठ ससे येतील. दुसरा आणा आणि मोकळे व्हा." मला त्याचा राग आला नाही, कारण नेमके तेच वाक्य माझ्याही जिभेवर आले होते. आजचे हे लिखाण त्या वाक्याविषयी आहे.

ससा मुळात नातीचा. मुलाची बदली बंगळुरूला झाली, तिथल्या घरमालकाने प्राणी चालणार नाहीत म्हणून सांगितले, आणि 'ढगू' पिंजऱ्यासकट पुण्याला आमच्याकडे आला. सोबत वहीच्या पानावर नातीच्या अक्षरात सूचना होत्या : गाजर आवडते, कान ओढू नयेत, वायरी कुरतडतो. त्याच्या खाण्यापिण्याविषयी विकणाऱ्याने जेवढे सांगितले तेवढेच तिला ठाऊक होते, आणि विकणाऱ्याने काहीच सांगितले नव्हते.

ती उणीव आम्ही प्रेमाने भरून काढली. मंडईतून रोज मेथीची जुडी, शेजारच्या झाडाचा शेवग्याचा पाला, ओळखीच्या गोठ्यातून लसूणघास. पाण्याला नळीची बाटली. आम्हा दोघांना त्याच्यामागे धावणे जमत नसल्यामुळे बराचसा वेळ पिंजऱ्यातच. ढगू गुबगुबीत झाला. "बाळसं धरलंय हो," असे सौ. कौतुकाने म्हणायची.

मग एका सकाळी मेथी तशीच पडलेली दिसली. ढगू कोपऱ्यात पाठीची कमान करून, डोळे अर्धवट मिटून बसला होता. दात हळूहळू करकर वाजत होते. पिंजऱ्यात एकही लेंडी नव्हती. 'उद्यापर्यंत पाहू' असे आम्ही ठरवले आणि तीच मोठी चूक झाली. सशाची आतडी सतत हलती राहावी लागतात. दहा-बारा तास पोटात काही गेले नाही तर ती थंडावतात आणि पुष्कळदा मूळ दुखण्याआधी तेच जिवावर बेतते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तेव्हा तरुण डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, ससा खात नाही म्हणजे उद्या नाही, आत्ता यायचं."

आपण भित्र्या माणसाला सशाचे काळीज म्हणतो. पाठीवर पान पडले तर आभाळ कोसळले म्हणून धावत सुटणारा ससा आपण लहानपणीच पाठ केलेला असतो. (खरे तर तो आपल्या शेतातला रानससा. घरात पाळतात तो युरोपातला, मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळात राहणारा निराळा प्राणी.) पण या भित्र्या जिवाची एक रीत मला वयाच्या साठीनंतर कळली. तो दुखणे दाखवत नाही. ज्याच्यामागे कोल्हा, घार, साप सगळेच लागलेले, त्याने कण्हून कसे चालेल? कुत्रा केकाटतो, मांजर गुरगुरते. ससा मात्र गप्प बसतो. त्याचे दुखणे ओळखायचे ते उरलेल्या पाल्यावरून, बसण्याच्या ढबीवरून आणि न पडलेल्या लेंड्यांवरून.

क्ष-किरण चित्रात डाव्या मूत्रपिंडात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसत होता आणि मूत्राशयात चुन्याच्या निवळीखाली बसतो तसा साका. डॉक्टरबाईंनी जे समजावले ते माझ्या डोक्यात बँकेच्या भाषेत शिरले. बहुतेक सस्तन प्राण्यांचे शरीर अन्नातले कॅल्शियम गरजेपुरते आत घेते. जादा कॅल्शियम आतड्यातूनच परत जाते आणि लघवीवाटे जेमतेम दोन टक्के बाहेर पडते. सशाचे खाते वेगळे. त्याचे आतडे जेवढा भरणा येईल तेवढा स्वीकारते आणि जादा सारे मूत्रपिंडाच्या एकाच खिडकीतून बाहेर द्यावे लागते. हे प्रमाण ४५ ते ६० टक्क्यांपर्यंत जाते. म्हणून निरोगी सशाची लघवीही थोडी गढूळच असते. मात्र भरणा वाढला, पाणी कमी पडले, हालचाल थांबली की त्या खिडकीत चुना साचतो. माणसाचा मुतखडा बहुधा कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो, सशाचा कॅल्शियम कार्बोनेटचा. म्हणजे अक्षरशः चुनखडीच.

मेथी, शेवगा, लसूणघास या तिन्हींत कॅल्शियम भरपूर. "म्हणजे खडा आम्हीच भरवला?" मी विचारले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. "एकट्या मेथीने नाही होत, काका. वजन, पाणी, बसून राहणं, प्रकृती, सगळं मिळून होतं." भल्या माणसाने दिलेले ते सांत्वन होते. मी ते पुरते स्वीकारलेले नाही.

हा खडा औषधाने विरघळत नाही. मूत्रपिंडावरची शस्त्रक्रिया सशासाठी जोखमीची. दुसरे मूत्रपिंड काम करत होते, म्हणून वेदनाशामक, कातडीखाली सलाइन, पिचकारीने पातळ खाणे आणि आहारात बदल, असा मार्ग ठरला. शेजारच्या काकूंनी पानफुटीची पाने आणून दिली, कारण त्यांच्या यजमानांचा खडा म्हणे त्यानेच पडला. सुदैवाने आधी विचारले. पानफुटीत हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात आणि ती खाऊन गुरे दगावली आहेत. माणसाची औषधेही तशीच. आपण सहज घेतो ते अमॉक्सिसिलिन सशाच्या पोटात गेले तर आतड्यातले उपकारक जंतू मरून ससाही मरू शकतो.

आता वाळलेले गवत आणि हरळी हेच त्याचे जेवण, पालेभाजी थोडी आणि बदलून. कॅल्शियम साफ बंद करूनही चालत नाही, कारण त्याचे दात जन्मभर वाढत असतात. बाटली गेली, पसरट वाडगा आला. वाडग्यातून तो सहज आणि जास्त पाणी पितो. संध्याकाळी तासभर दिवाणखाना त्याचा.

आता त्या नातेवाइकाच्या वाक्याकडे येतो. बँकेत कर्जाच्या कागदावर जामीनदार फार सहज सही करतो. मित्राचा मुलगा आहे, कुठे काय होणार आहे! पण भारतीय करार कायदा, १८७२ याचे कलम १२८ सांगते की एरवी काही ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ऋणको गाव सोडून गेला की नोटीस जामीनदाराच्या दारी येते. असे ओशाळलेले चेहरे मी टेबलापलीकडे पुष्कळ पाहिले आहेत. लेकराने 'मला ससा हवा' म्हटले आणि आपण चारशे रुपये मोजले, तेव्हा ती खरेदी नव्हती, जामीनपत्रावरची सही होती. ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. तेवढ्यात लेकरू शाळा बदलते, गाव बदलते, मोठे होते. कर्ज आपल्याकडे राहते. त्याची रक्कम प्राण्याच्या किमतीवर नव्हे, त्याच्या गरजेवर ठरते.

कायदाही निराळे सांगत नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे तिसरे कलम प्राणी बाळगणाऱ्यावर त्याच्या क्षेमाची जबाबदारी टाकते. २०१८ च्या नियमांनी पाळीव प्राण्यांच्या दुकानांना नोंदणी सक्तीची केली. पण खरेदीच्या वेळी 'हा काय खातो, किती जगतो, आजारी पडला तर कुठे न्यायचा' हे तीन प्रश्न विचारायला नियमाची गरज नाही. उत्तरे मिळत नसतील तर रिकाम्या हाताने परतावे.

प्रत्येक घराला हा खर्च झेपेल असे नाही, हे मी जाणतो. उपचार शक्यच नसतील, वेदना आवरत नसतील, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे हीही जबाबदारीच आहे. टेकडीवर 'मोकळे' सोडून येणे मात्र नाही. पिंजऱ्यात वाढलेला पांढरा ससा तिथे कुत्र्यांच्या तोंडी जातो, आणि आपण त्याला स्वातंत्र्य दिले असे लेकरांना सांगतो.

नात दर रविवारी फोन करते. पहिल्या आठवड्यात तिने विचारले, "आबा, त्याला दुखतं का?" खोटे सांगण्याचा मोह झाला. मी म्हणालो, "दुखतं. पण आता आपल्याला कळतं." खडा अजून तिथेच आहे. पुन्हा कधी काय होईल, सांगता येत नाही. रोज रात्री मी जमिनीवर बैठक मारून पिंजरा झाडतो आणि लेंड्या मोजतो. नोटा मोजताना चूक झाली तर ती संध्याकाळी ताळ्यात सापडायची. इथे तशी सोय नाही, म्हणून दोनदा मोजतो.