नोंदवहीतल्या शून्याचा अभिमान

मुक्ताईनगरात अलीकडे एका निवृत्त अधिकाऱ्यांचं व्याख्यान झालं. विषय ग्रामीण आरोग्याचा होता, पण सगळा रोख बालमृत्यूच्या आकड्यांवर. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: जिथे नोंदी अपुऱ्या, तिथले आकडे म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे, मग ते आफ्रिकेतले असोत की सातपुड्याच्या पायथ्याचे. पाहणीवाले मूठभर बायकांना विचारतात, गुणाकार करतात आणि गावाची बदनामी करतात. रजिस्टरात असेल तेवढंच खरं. आणि रजिस्टर उघडाल तर आपल्याकडच्या कित्येक गावांत वर्षभरात एकही बाळ दगावलेलं नाही! टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनीच हा लेख लिहायला लावला.

रजिस्टर हाच पुरावा असेल तर ते भरतं कसं, हे आधी पाहायला हवं. म्हातारा बाप गेला की मुलगा आठ-पंधरा दिवसांत ग्रामपंचायतीत येतो. सातबाऱ्यावर वारस लावायचे असतात, बँकेत पैसे अडकलेले असतात, विमा असतो. दाखल्यावाचून पान हलत नाही, म्हणून नोंद होते. तीन दिवसांचं बाळ गेलं तर कोणाचं काय अडतं? त्याच्या नावावर जमीन नाही, खातं नाही, बहुतेकदा नावसुद्धा नाही. त्याला दहन नाही, दहावं-तेरावं नाही; घरातले दोघे-तिघे जाऊन पुरून येतात. आई ओली बाळंतीण, ती घराबाहेर पडत नाही. अशा घरातून कोणी 21 दिवसांच्या आत ग्रामसेवकाकडे जाऊन अर्ज भरेल, ही अपेक्षा जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी ठेवली. ज्या बाळाचा जन्मच नोंदलेला नाही, त्याचा मृत्यू नोंदवायचं कोणाच्या मनातही येत नाही. जुन्या दप्तरातला गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूची जुनी वही, आज जातीच्या दाखल्यासाठी लोक पान पान चाळतात. ज्या नोंदीची कोणाला तरी गरज पडते ती नोंद माणसं शोधून काढतात. मेलेल्या तान्ह्याच्या नोंदीची गरज कोणाला?

त्यातून आमचा तालुका सीमेवरचा. पहिलं बाळंतपण माहेरी. समजा लेक अंतुर्लीची, सासर रावेर तालुक्यात, आणि बाळ अडलं म्हणून गाडी निघाली बऱ्हाणपूरला. तिथे बाळ गेलं तर कायद्याप्रमाणे नोंद घटना घडली तिथे, म्हणजे मध्य प्रदेशात. माहेरच्या गावात ती नाही, सासरच्या गावात ती नाही. दोन्ही गावांचं शून्य शाबूत! केळीच्या आणि कापसाच्या कामाला डोंगरातून उतरणाऱ्या पावरा आणि भिल्ल कुटुंबांचं तर विचारूच नका. शेताच्या बांधावरच्या झोपडीत जन्मलेलं आणि तिथेच गेलेलं मूल कोणत्या गावाचं, हेच ठरत नाही.

आणखी एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत गंभीर. जन्मल्यावर दोन-चार श्वास घेऊन गेलेलं बाळ ‘मृत जन्म’ म्हणून लिहिलं जातं. मृत जन्माचा अर्ज वेगळा, आणि असे जन्म अर्भकमृत्यूत, म्हणजे वर्षाच्या आतल्या बाळांच्या मृत्यूत, धरत नाहीत. एका शब्दाने मृत्यू हिशेबातून बाहेर. कोणी मुद्दाम करतं, कोणी नकळत. पण नवजात बाळांचे बहुतेक मृत्यू पहिल्या आठवड्यातच होतात, आणि त्यांतलाही मोठा वाटा पहिल्या दिवसाचा. म्हणजे ही गळती नेमकी जिथे सर्वाधिक बाळं जातात तिथलीच. ज्या रजिस्टरात मृत जन्म भरपूर आणि पहिल्या दिवसाचे मृत्यू जवळजवळ नाहीत, त्याच्यावर कोणताही जाणता माणूस विश्वास ठेवणार नाही.

आता ते शून्य. 2020 च्या नमुना नोंदणी पद्धतीप्रमाणे महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर हजार जन्मांमागे 16 होता, जन्मदर हजार लोकांमागे 15 च्या आसपास. पाच हजार वस्तीच्या उपकेंद्रात वर्षाला पंचाहत्तर जन्म आणि साधारण एक मृत्यू येतो. तिथे एखाद्या वर्षी शून्य निघणं साहजिक आहे. त्यात कौतुकही नाही आणि संशयही नाही. पण तीस हजार वस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात साडेचारशे जन्मांमागे सात मृत्यू अपेक्षित असतात. तिथेही शून्य दिसलं, आणि ओळीने दोन-तीन वर्षं दिसलं, तर ते आरोग्याचं यश नसून नोंदीचं अपयश आहे. हे गणित शाळकरी पोरालाही जमेल. आयुष्यभर फायलींवर सह्या केलेल्या माणसाला जमू नये?

‘मूठभर बायकांना विचारतात’ हा आरोप तर अज्ञानातला आहे. नमुना नोंदणी पद्धत 1969-70 पासून देशभर चालू आहे. निवडलेल्या गावात एक स्थानिक माणूस वर्षभर जन्म-मृत्यू लिहितो. दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस, त्याची वही न बघता, घरोघर जाऊन विचारतो. मग दोन्ही याद्या जुळवतात आणि जे जुळत नाही त्याच्यासाठी पुन्हा त्या घरी जातात. रजिस्टरावर असा दुसरा डोळा कधी असतो? ब्रास नावाच्या संशोधकाने आफ्रिकेतल्या नोंदी नसलेल्या देशांसाठी आईलाच विचारायची रीत बसवली: किती मुलं झाली, किती हयात आहेत. आईच्या वयावरून त्यातून मृत्युदर काढता येतो. हेच दोन प्रश्न आपल्या जनगणनेतही आहेत. आई आपलं गेलेलं लेकरू विसरत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019-21 साली महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर 23 आला, नमुना नोंदणीत 16. म्हणून दोन्ही खोटे, असंही व्याख्याते म्हणाले. एक आकडा पाहणीआधीच्या पाच वर्षांचा, दुसरा एका वर्षाचा, आणि दोन्हींना चुकीची मर्यादा असते, जी मोजणारे स्वतःच छापून सांगतात. बदनामीचा मुद्दा उत्तर देण्याच्या लायकीचा नाही.

हा वाद जुनाच आहे. नव्वदच्या दशकात मेळघाटातली मुलं गेली तेव्हा ‘कुपोषण नव्हे, न्यूमोनिया’ असं सांगणारे होते. जणू अशक्त मुलाला न्यूमोनिया होतच नाही. पुढे स्वतंत्र मोजणी झाली तेव्हा ‘आकडे फुगवले’ म्हणणारेही तेच. एकानेही गावात जाऊन आपली यादी काढून दाखवली नाही.

काय करावं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने 1988 साली आपल्या गावांत मोजलं तेव्हा अर्भकमृत्यू दर 121 निघाला. तो कोणी दडवला नाही, म्हणूनच घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम उभं राहिलं आणि 39 गावांत नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी उतरल्याचं 1999 साली जगाला दाखवता आलं. आधी 121 हा आकडा मान्य केला नसता तर उतरलं काय हेच कळलं नसतं.

मुक्ताईनगरला फार काही नको. आशाताई बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. तिच्याकडे गरोदर बायांची यादी असतेच. त्या प्रत्येक नावासमोर बाळाचं काय झालं हे लिहिलं जावं, माहेरी गेली असेल तर तिथल्या आशाला फोन करून. दर सहा महिन्यांनी काही गावं चिठ्ठ्या टाकून निवडावीत आणि दुसऱ्या तालुक्यातल्या कर्मचाऱ्यांनी ती घरोघर तपासावीत. जास्त मृत्यू लिहिले म्हणून कोणाला नोटीस काढू नये. ती धास्ती आहे तोवर वहीत शून्यच येणार. व्याख्यात्यांनी आपली शून्याची गावं पहिल्या फेरीसाठी सुचवावीत.