शेजाऱ्याविषयीचे मत आणि सुताचा सौदा

व्यापाराच्या पानावर शेजारच्या देशाचे राजकारण कशाला, असे काही वाचक विचारतील. उत्तर साधे आहे. ज्या देशाला आपले सूत जाते त्या देशाविषयी आपण काय समजून बसलो आहोत, यावर आपले सौदे ठरतात. समज चुकली की सौदा चुकतो. बांगलादेशाच्या बाबतीत हेच घडले आहे.

५ ऑगस्ट २०२४ रोजी शेख हसीना ढाका सोडून भारतात आल्या. त्यानंतर आपल्या बाजारात दोन मते जोरात होती. पहिले असे की, तिथले तयार कपड्यांचे कारखाने आता बसले, परदेशी ऑर्डरी तिरुपूरला वळणार आणि भिवंडी-मालेगावच्या मागांनाही काम मिळणार. दुसरे मत आपल्यातल्या काही बांधवांचे. तिथे आता 'आपल्या' विचारांचे लोक आले, तेव्हा सर्व ठीक होईल. दोन्ही मते बाहेरच्यांची. तिथल्या माणसाला कोणी विचारलेच नव्हते.

पहिल्या मताचा निकाल आकड्यांनी लावला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये आशुलिया व गाझीपूर भागातील अनेक कारखाने काही काळ बंद राहिले, हे खरे. तरीही जुलै २०२४ ते जून २०२५ या वर्षात बांगलादेशाची तयार कपड्यांची निर्यात ३९ अब्ज डॉलरच्या वर गेली. आदल्या वर्षापेक्षा ती सुमारे ९ टक्क्यांनी वाढली. शिवाय या मतात एक मूळचीच गफलत आहे. बांगलादेशात कापूस नावापुरताच पिकतो. त्यांची शिवणयंत्रे बाहेरच्या कापसावर व सुतावर चालतात आणि भारतीय सुती धाग्याचे ते फार मोठे गिऱ्हाईक आहेत. गिऱ्हाइकाचे दुकान बुडावे म्हणून कोणता व्यापारी दुआ मागतो?

दुसऱ्या मताला इतिहासाचे उत्तर आहे. उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्यासारख्यांनी तर ते विसरताच कामा नये. मार्च १९४८ मध्ये जिन्नांनी ढाक्यात जाहीर केले की, राज्यभाषा उर्दूच राहील. २१ फेब्रुवारी १९५२ रोजी बंगालीसाठी उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या. १९७१ मध्ये तो देशच वेगळा झाला. मजहब एक होता, तरी आपल्या भाषेचा आणि हक्काचा हिशेब त्या लोकांनी सोडला नाही. त्यांच्या राजकारणाला एकाच मापाने मोजणारा दरवेळी फसतो.

मग तिथले लोक स्वतः काय म्हणत होते? २०२४ च्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांची पहिली तक्रार नोकऱ्यांची होती. सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा मुक्तियोद्ध्यांच्या वंशजांना राखून ठेवण्यास त्यांचा विरोध होता. त्यामागे मतदानाचा जुना राग होता. २०१४ च्या निवडणुकीत ३०० पैकी १५३ जागा बिनविरोध गेल्या होत्या. आंदोलनाच्या त्या काळात १,४०० पर्यंत माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. आपल्याकडे या सर्वाला केवळ 'परकीय कट' म्हणणाऱ्यांनी या घरांचा विचार केला नाही.

पण तिथले हिंदूही तिथलेच लोक आहेत. सरकार पडल्यावर त्यांची घरे, दुकाने व मंदिरे यांवर हल्ले झाले. अल्पसंख्य म्हणून जगणे काय असते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यांची तक्रार आपणच हलकी मानली, तर आपल्या तक्रारीला वजन कुठून येणार?

तिथल्या व्यापाऱ्यांतही एकमत नाही. सूतगिरणीवाल्यांचे म्हणणे, भारतीय धाग्याने आम्हाला मारले. कपडे शिवणाऱ्या कारखानदारांचे म्हणणे, तो धागा अडवला तर आमची ऑर्डर वेळेवर जाणार नाही. एप्रिल २०२५ मध्ये गिरणीवाल्यांचे चालले. बेनापोलसह जमिनीवरच्या नाक्यांतून सुताची आयात बंद झाली. पुढच्याच महिन्यात, १७ मे २०२५ रोजी, भारताने तिथले तयार कपडे जमिनीच्या मार्गाने घेणे थांबवले व न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच बंदरे ठेवली. ट्रकने जाणारा माल जहाजाने फिरू लागला की भाडे वाढते, पैसा अडकतो. दोन्हीकडे टाळ्या वाजवणारे दुसरेच असतात, बिल मात्र व्यापाऱ्याच्या नावावर फाटते.

या मतांची झळ कारागिरांनाही बसते. मुंबईच्या जरीकामात बंगालची बोटे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. २०२५ मध्ये मुंबई परिसरातून 'बांगलादेशी' म्हणून उचलून सीमेपलीकडे पाठवलेल्या काही मजुरांना परत आणावे लागले, कारण ते पश्चिम बंगालचे भारतीय नागरिक निघाले. बोलीवरून देश ठरवण्याची ही किंमत आहे. कारागिराची कागदपत्रे नीट आहेत ना, हे मालकांनी पाहावे. अडचण आली तर त्याच्यामागे उभे राहावे.

व्यापारी बांधवांना आमचे सांगणे एवढेच. टी.व्ही.वरील चर्चा ऐकून गाठी भरू नका आणि सोडूही नका. पलीकडच्या एकाच आडत्याला न विचारता गिरणीवाल्याला विचारा, शिवणाऱ्यालाही विचारा. नाक्यांचे व बंदरांचे सरकारी आदेश स्वतः वाचा. पक्क्या एल.सी.शिवाय मोठा माल रवाना करू नका. सरकारे तिकडेही बदलतात, इकडेही बदलतात. माप आणि जबान यांत ज्याने खोट केली नाही, त्याच्याकडे गिऱ्हाईक पुन्हा येते.