चालायची वाट दारातून जावी, घरावरून नव्हे



मधुमेह आणि रक्तदाबाच्या रुग्णांना आम्ही आरोग्य कार्यकर्त्या एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतो : रोज चाला. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा व्यायाम सांगते. तथागतांनीही चंक्रमणाचे पाच लाभ सांगितले. निरोगी राहणे आणि खाल्लेले नीट पचणे हे त्यांतलेच. पण गल्ली चार फुटांची, शेजारी उघडे गटार आणि बाहेर भरधाव गाड्या. चालायचे कुठे?

म्हणून शहरभर एकमेकींना जोडलेल्या, झाडांच्या सावलीतल्या पायवाटा आणि सायकलवाटा आम्हालाही हव्यात. प्रश्न एवढाच, की वाट कोणासाठी आणि कोणाच्या घरावरून?

मुंबईची तानसा जलवाहिनी पाहा. तिच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची दहा-दहा मीटर जागा मोकळी करण्याचा आदेश उच्च न्यायालयाने दिला. वस्त्या हटल्या आणि महापालिकेने त्या जागेवर ३९ किलोमीटरची सायकल व चालण्याची वाट आखली. उठवलेल्या हजारो कुटुंबांना पाठवले माहूलला, तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या कुशीत. तिथली हवा आरोग्याला घातक असल्याचे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केले होते. एकाला मोकळी हवा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या छातीत धूर, याला आम्ही आरोग्य म्हणत नाही. लोक लढले, तेव्हा २०१९ मध्ये न्यायालयाने माहूलची सक्ती करता येणार नाही असे सांगून घरभाड्यापोटी दरमहा १५,००० रुपये देण्याचा आदेश दिला.

म्हणून कोणत्याही नव्या वाटेसाठी आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आधी जवळच पुनर्वसन, मग काम. वाटेने वस्ती, शाळा, दवाखाना आणि स्टेशन जोडावे. दिवे, बाकडी, पिण्याचे पाणी आणि बायकांसाठी स्वच्छतागृह हवे. फाटकाला कुलूप आणि प्रवेशाला पैसे नकोत.

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा निघाला, की हरकती आणि सूचना देण्याचा हक्क कायद्यानेच आपल्याला आहे. विहारातल्या रविवारच्या वंदनेनंतर नकाशा पसरून बसा. आपली वस्ती त्यात कुठे आहे ते शोधा, लेखी हरकत द्या, पोचपावती घ्या.

सार्वजनिक पाणी सर्वांचे, हे बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला दाखवून दिले. सार्वजनिक वाटही सर्वांचीच आहे.