चव घ्या, पण वर्ध्यात नको!

‘ब्लॅक आयपीए’ कशी चाखतात, माहितेय? आधी रंग बघायचा, मग वास घ्यायचा, मग छोटा घोट. काळा रंग भाजलेल्या माल्टचा, कडवटपणा हॉप्सच्या फुलांचा. भाजल्याची चव आणि हॉप्सचा संत्र्यासारखा वास, दोन्ही नीट कळले तर बिअर जमली! कायद्यानं ठरवलेलं वय पूर्ण असेल तर पुण्याच्या ब्रुअरीत बसून खुशाल ठरवा. पण सेवाग्रामचा आपला वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथं चोरून मिळते ती चाखायला नसते, घाईघाईत ढोसायला असते. वर आपला पैसा जातो अशा विक्रेत्याकडे, ज्याच्या दारूपायी गावातल्या बायांचे संसार मोडतात. नजर चुकवून मारलेल्या घोटाला कसली आलीय चव? म्हणून दोस्तांनो, पुण्याहून येताना बाटली नको, चवीचे किस्से आणा.