धांदरट की आजारी?

आपल्याकडे मुलाच्या हातून कप फुटला की पहिला शब्द 'धांदरट', दुसरा 'लक्ष कुठंय तुझं?' बहुतेकदा ते खरंही असतं म्हणा. पण सिडनहॅम कोरिया नावाचा एक आजार आहे, आणि त्यात ही बोलणी अगदी निष्पाप पोरांना खावी लागतात.

सुरुवात होते घशापासून. स्ट्रेप्टोकोकस जीवाणूमुळे घसा दुखतो, ताप येतो, चार दिवसांत मूल बरं होऊन शाळेत जातं. शरीराने मात्र त्या जीवाणूविरुद्ध अँटीबॉडीज तयार केलेल्या असतात. काही मुलांमध्ये त्या मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागालाच शत्रू समजतात. राखणदारानेच घरच्यांवर काठी उगारावी, तसं. आणि हे सगळं घसा बरा झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी तर सहा महिन्यांनी! तोवर घसा कुणाच्या लक्षात राहतोय?

५ ते १५ वर्षांची मुलं, त्यातही मुली जास्त. अक्षर बिघडतं, वाटी निसटते, खांदे उडतात, तोंड वेडंवाकडं होतं, उगाच रडू येतं. डॉक्टरांचं बोट घट्ट धरायला सांगितलं तर पकड आवळते, सुटते, पुन्हा आवळते, गाईची धार काढावी तशी. झोपेत मात्र सगळं शांत. मग काय, 'जागेपणी नाटकं करते' असा अर्थ निघतो, नाहीतर 'बाहेरचं' काहीतरी. थॉमस सिडनहॅमने या आजाराचं वर्णन १६८६ साली करून ठेवलंय!

हे हातवारे बहुधा काही महिन्यांत थांबतात. घरचे सुटलो म्हणतात. माझा खरा आक्षेप इथे आहे. हा रुमॅटिक फीवरचाच एक प्रकार, आणि त्यात हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. म्हणून इको करायचा आणि पुन्हा घसा बिघडू नये म्हणून दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घ्यायचं, तेही कित्येक वर्षं. इंजेक्शन दुखतं, मुलगी दिसायला ठणठणीत, वर 'उद्या लग्नाच्या वेळी कुणाला कळलं तर?' झालं, इंजेक्शन बंद! आणि झडप खराब झाली असेल तर ते बाळंतपणात बाहेर येतं, हृदयावरचा भार वाढल्यावर. ही लपवाछपवी मला त्या आजारापेक्षा भयंकर वाटते.

असो. घरात शाळकरी पोरं असतील आणि एखाद्याचं अक्षर अचानक बिघडलं, तर ओरडण्याआधी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा. आणि मागे कधी घसा दुखला होता, तेही आठवून सांगा.